४५ अंशांवर कापूनही फट का राहते

करवत ४५ अंशांवर लावूनही स्कर्टिंगच्या, म्हणजे भिंतीच्या तळाशी बसवायच्या लाकडी पट्टीच्या, कोपऱ्यात फट राहते, असं तुम्ही लिहिलंय. दोष बहुधा करवतीचा नाही, भिंतीचा आहे. कोपरा नेमका ९० अंशांचा क्वचितच असतो. तो ९२ भरला तर दोन्ही टोकं ४६ अंशांची हवीत. पण करवतीच्या मोजपट्टीवर ४४ लावायचे, कारण तिथे शून्य म्हणजे सरळ, ९० अंशांचा काप, आणि ९०मधून ४६ गेले की ४४ उरतात. इथेच बरेच जण चुकतात.

आतल्या कोपऱ्यात तर मी असा दोन्ही टोकं तिरकी कापून केलेला तिरका जोड करतच नाही. पहिली पट्टी सरळ कापून भिंतीला भिडवायची. दुसरी आधी ४५ वर कापायची, मग तिच्या दर्शनी कडेची नक्षी दिसेल तशी बारीक पात्याच्या करवतीने कोरायची. पातं मागे झुकतं धरा, म्हणजे फक्त पुढची धार टेकते. उरलंसुरलं कानशीने. वेळ लागतो, पण पुढे लाकूड आक्रसलं तरी हा जोड सहसा उघडा पडत नाही.

बाहेरच्या कोपऱ्याला तिरका जोडच लागतो. खिळ्यांआधी दोन्ही तोंडांना गोंद लावा. आणि कोन आधी टाकाऊ तुकड्यांवर नक्की तपासा.