रिकॉल म्हणजे फ्री चेकअप कॅम्प नव्हे

कुणीतरी म्हटलंय, 'गाडीच्या रिकॉलचा मेसेज आला तर पुढच्या सर्व्हिसिंगला बघू.' कृपया असं करू नका. पावसाळ्याआधीच्या कॅम्पमध्ये एसी तपासतात, लेबरवर सूट देतात. तिथे नाही गेलात तरी चालतं. रिकॉल म्हणजे गाडीत सदोष भाग असल्याचं कंपनीनेच मान्य करून ती दुरुस्तीसाठी परत बोलावणं. जुलै २०२० मध्ये मारुतीने वॅगनआर आणि बलेनो मिळून १,३४,८८५ गाड्या फ्युएल पंपासाठी परत बोलावल्या. पंप बदलून दिले, तेही फुकट. टकाटा या जपानी कंपनीच्या एअरबॅगचं तर विचारूच नका: इन्फ्लेटर (एअरबॅग फुगवणारा भाग) फुटून धातूचे तुकडे उडायचे, माणसं दगावली. मोटार वाहन कायद्याच्या २०१९ च्या दुरुस्तीनंतर सरकारही रिकॉलचा आदेश देऊ शकतं. सेकंड हँड गाडी असेल तर मेसेज जुन्या मालकाकडे जाऊ शकतो, म्हणून आरसीवरचा चासी नंबर कंपनीच्या साइटवर स्वतःच टाकून बघा. आजच.