ताज्या हिमवर्षावानंतर उतार कसा पारखावा?

वाटसरू, ठाणे
नमस्कार. आम्ही सहा जण फेब्रुवारीअखेर मनालीच्या वरच्या अंगाला, मळलेली वाट सोडून बर्फात भटकंतीला जाणार आहोत. सह्याद्रीत बरीच वर्षे फिरलो असलो, तरी बर्फाचा अनुभव नाही. रात्रभर हिमवर्षाव होऊन सकाळी आकाश निरभ्र झाले, तर त्याच दिवशी पुढे निघावे का?

खारघरकर
निघू नये. हिमस्खलनाच्या, म्हणजे उतारावरचा बर्फ एकदम घसरून खाली येण्याच्या, दृष्टीने हिमवर्षावानंतरचे पहिले २४ ते ४८ तास सर्वांत घातक असतात, कारण नव्या बर्फाचे ओझे खालच्या थरांवर एकदम पडते आणि खाली साखरेसारखा सुटा, भुसभुशीत थर दडलेला असेल, तर हा धोका कित्येक दिवस टिकतो. शिवाय आकाश मोकळे झाले, तरी वारा बर्फ उडवून डोंगराच्या आडोशाच्या बाजूला रचतच राहतो. पायाखाली 'धप्प' असा दबका आवाज झाला, पावलापासून भेगा पळाल्या किंवा शेजारच्या उतारावर ताजे हिमस्खलन दिसले, तर तिथूनच परत फिरावे. मात्र यांपैकी काहीच दिसले नाही, म्हणून उतार सुरक्षित ठरत नाही.

पाचपाखाडीहून
मला सर्वांत जास्त काळजी सह्याद्रीत तयार झालेल्या नजरेची वाटते. आपण कड्याला भितो आणि मध्यम उताराला सोपा समजतो. बर्फात मात्र बहुतेक स्खलने ३० ते ४५ अंशांच्या उतारांवरच होतात, कारण त्याहून उभ्या कड्यावर बर्फ फारसा साठतच नाही. जाण्यापूर्वी येऊरच्या डोंगरात मोबाइलने उतार मोजण्याचा सराव करा, म्हणजे ३० अंश किती साधे दिसतात ते कळेल. दुसरी सवय नाळेची, म्हणजे डोंगरातल्या अरुंद, उतरत्या घळीची. इथे नाळ ही चढायची वाट असते. तिथे वरचा सगळा बर्फ तिच्यातच उतरतो आणि खोल साचतो. स्वतः सपाटीवर असलात, तरी वरचा उतार तुमच्यापर्यंत पोहोचू शकतो, म्हणून तंबूची जागाही वर पाहूनच निवडा.

खारघरकर
एक राहिले. चंदीगडची डीजीआरई ही संस्था हिमस्खलनाचे इशारे देते, ते रोज पाहा. पण ते मोठ्या प्रदेशासाठी असतात, तुमच्या समोरच्या उतारासाठी नव्हे. गाडला गेलेला माणूस जिवंत सापडण्याची शक्यता पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घटते. म्हणजे शोध सोबत्यांनीच घ्यायचा असतो. त्यासाठी प्रत्येकाकडे ट्रान्सीव्हर (गाडलेल्याचा ठाव रेडिओ संकेतांवरून लावणारे छोटे यंत्र), बर्फात खुपसून पाहायची शोधकाठी आणि फावडे हवे, आणि ते वापरण्याचा सरावही हवा.

वाटसरू, ठाणे
मनःपूर्वक आभार. परतीची तिकिटे तीन दिवस पुढे ढकलत आहोत. ट्रान्सीव्हर मिळाले नाहीत, तर मळलेल्या वाटेवरच राहू.