खपली गहू विकत घेतल्याने जुना वाण टिकतो का?

प्रश्न : दादरची वाचक

नमस्कार. दादरच्या दुकानांत लोकवन आणि सिहोर गव्हाच्या शेजारी आता खपलीही मिळते, आणि ती घेतल्याने जुना वाण वाचतो असे विक्रेते आवर्जून सांगतात. दुसरीकडे मेक्सिकोतील सिमिट या गहू-मका संशोधन संस्थेच्या जनुकपेढीत, म्हणजे बियाण्यांच्या संग्रहात, गव्हाचे सुमारे 1,50,000 आणि मक्याचे सुमारे 28,000 नमुने जपलेले आहेत. बियाणे तिथे सुरक्षित असेल, तर ते शेतात असण्याने काय फरक पडतो? आणि या नमुन्यांचा नवीन वाण घडवताना खरोखर उपयोग होतो का?

उत्तर : मुलुंडकर

होतो, आणि त्याचे उत्तम उदाहरण आपली खपलीच आहे. काळा तांबेरा या गव्हावरील बुरशीजन्य रोगाचे प्रकार ओळखण्यासाठी अमेरिकेत 12 गव्हांचा जो प्रमाण संच ठरवला गेला, त्यात ‘खपली’ याच नावाने हा गहू होता. तांबेऱ्याला विरोध करणारी एसआर13 व एसआर14 आणि भुरी या दुसऱ्या बुरशीजन्य रोगाला विरोध करणारे पीएम4ए ही जनुके खपलीतूनच साध्या गव्हात नेली गेली.

मात्र हे काम चिकाटीचे आहे. खपलीत गुणसूत्रांच्या 14 जोड्या असतात आणि साध्या गव्हात 21, त्यामुळे पहिल्या पिढीतील संकर बराचसा वांझ निघतो. शिवाय हव्या असलेल्या जनुकाबरोबर उंच, लोळणारे ताट आणि दाण्याला घट्ट चिकटलेले तूसही येते, आणि ते दूर करण्यासाठी पिढ्यानपिढ्या पुन्हा चांगल्या वाणाशी संकर करत राहावे लागते. माझ्या मते संग्रहाच्या आकड्यांचे जेवढे कौतुक होते, तेवढा पैसा या मधल्या कामाला मिळत नाही, आणि खरी अडचण तिथेच आहे.

गव्हाला याची गरज अधिक, कारण साधा गहू काही हजार वर्षांपूर्वी शेतातला गहू आणि एजिलॉप्स टॉशी हे रानगवत यांच्या मोजक्याच नैसर्गिक संकरांतून जन्माला आला. त्या गवतातील फारच थोडी विविधता त्याच्या वाट्याला आली. म्हणून सिमिटच्या शास्त्रज्ञांनी बन्सीच्या जातीच्या गव्हाचा या गवताशी नव्याने संकर करून कृत्रिम गहू तयार केले. 1985 साली ब्राझीलमध्ये आढळलेला गव्हाचा करपा 2016 साली बांगलादेशात पोहोचला, आणि त्याच्याविरुद्धची मुख्य भिस्त अजूनही दुसऱ्या एका रानगवतातून आलेल्या गुणसूत्राच्या एकाच तुकड्यावर आहे. बंगालच्या सीमेपर्यंत आलेल्या रोगासाठी एवढाच आधार असणे मला फार चिंतेचे वाटते.

उत्तर : पार्ल्याचा वाचक

मक्याविषयी थोडी भर घालतो. 1970 साली अमेरिकेतील बहुतांश संकरित मका एकाच प्रकारच्या नरवंध्य, म्हणजे स्वतःचे परागकण न देणाऱ्या, मादी वाणावर आधारलेला होता. पानांवरील करप्याच्या नव्या प्रकाराने नेमके तेच हेरले आणि देशाचे सुमारे 15 टक्के पीक गेले.

जपणूकही वाटते तितकी सोपी नाही. उणे 18 अंशांवर ठेवलेल्या बियांचीही उगवणशक्ती हळूहळू घटते, म्हणून अधूनमधून त्या पेरून ताजे बी घ्यावे लागते. गहू स्वतःच्याच परागाने फळतो, त्यामुळे त्याचे काम तुलनेने सोपे असते. मक्याचे परागकण वाऱ्यावर उडतात, म्हणून तुऱ्याला आणि कणसाला पिशव्या बांधून हाताने परागीभवन करावे लागते, आणि तेही शंभराच्या आसपास झाडांवर, नाहीतर त्या वाणातली विविधताच आटते.

प्रश्न : दादरची वाचक

दोघांचेही मनापासून आभार. मग दुकानातल्या खपलीचे काय करावे?

उत्तर : मुलुंडकर

जरूर घ्यावी, परंतु ती कुठली हे विचारून घ्यावी. पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेने विकसित केलेला एमएसीएस 2971 हा बुटका, सुधारित वाणही खपली म्हणूनच विकला जातो. तो चांगला आहे आणि त्यामुळे खपलीचे पीक टिकते, पण सांगली, सातारा, कोल्हापूरकडील शेतकऱ्यांनी घरी राखलेले, एकमेकांपासून थोडे वेगळे असलेले वाण त्यामुळे आपोआप टिकत नाहीत. जनुकपेढीतले बी जसे ठेवले तसे थांबते, तर शेतातले बी दरवर्षीच्या उन्हापावसाला आणि रोगांना तोंड देत बदलत राहते, म्हणून दोन्ही हवेत. पीक वाण संरक्षण आणि शेतकरी हक्कांच्या 2001 च्या कायद्यानुसार शेतकऱ्याला बी राखण्याचा, देवाणघेवाण करण्याचा आणि ब्रँडच्या नावाशिवाय विकण्याचा हक्क आहे, तसेच स्वतःचा वाण नोंदवताही येतो. आपल्या दुकानदाराचा असा एखाद्या शेतकऱ्याशी थेट व्यवहार असेल, तर त्याच्याकडूनच खपली घ्यावी.