शुक्राच्या ढगांत आम्ल किती, पाणी किती?

सड्यावरची (रत्नागिरी): प्रदर्शनाच्या तक्त्यावर मुलांनी लिहिलंय, 'शुक्रावर आम्लाचा पाऊस पडतो.' ठेवू का? आणि दुर्बिणीतून ढगांचे पट्टे का दिसत नाहीत? नुसता पांढराफेक गोळा दिसतो.

खारावारा: 'पडतो' खोडा, 'वाटेतच विरतो' लिहा. थेंबांत वजनाने साधारण 75 ते 85 टक्के सल्फ्युरिक आम्ल, बाकी पाणी. इन्व्हर्टरच्या बॅटरीत हेच आम्ल जेमतेम 35-37 टक्के असतं. साठेक किलोमीटरवर अतिनील किरणांनी कार्बन डायऑक्साइड फुटतो, सुटलेला ऑक्सिजन सल्फर डायऑक्साइडला लागून सल्फर ट्रायऑक्साइड होतो, आणि तो पाण्याची वाफ ओढून घेतो, की झालं आम्ल. ढगांचा तळ सुमारे 48 किमीवर. त्याखाली थेंबांची वाफ होते, आणखी खाली आम्लच तुटून पुन्हा ट्रायऑक्साइड आणि पाणी. जमिनीवर 465 अंश सेल्सिअस, तिथे थेंब कुठला पोचायला!

आणखी एक, हे ढग आंबोलीच्या धुक्यासारखे दाट नसतात. आत शिरलात तर बऱ्यापैकी लांबचं दिसेल. थर वीसेक किलोमीटर जाड, म्हणून बाहेरून अपारदर्शक.

देवगडी: आम्ल ओळखलं ते 1970च्या दशकात, परावर्तित प्रकाशाच्या ध्रुवीकरणावरून (प्रकाशलहरी एकाच दिशेत किती डोलतात त्यावरून). थेंबांचा अपवर्तनांक (प्रकाश किती वाकवतो त्याचं माप) 1.44 च्या आसपास निघाला. पाण्याचा 1.33, म्हणजे पाणी बाद.

पट्टे अतिनील प्रकाशातच उठून दिसतात. तो शोषणारा पदार्थ कोणता, यावर अजून एकमत नाही, तक्त्यावर तिथे सरळ प्रश्नचिन्ह काढा. टिपायचे तर आरशाची दुर्बीण, एकरंगी (कृष्णधवल) कॅमेरा आणि 350 नॅनोमीटरच्या आसपासचा फिल्टर. भिंगाच्या दुर्बिणीत आणि साध्या बार्लोत (प्रतिमा मोठी करणाऱ्या जोडभिंगात) काच बराचसा अतिनील गिळते. स्वस्तातला जांभळा 47 नंबरचा फिल्टर लावलात तर सोबत अवरक्त-रोधक फिल्टर हवाच. नाहीतर अवरक्त गळून येतं आणि चित्र पुन्हा सपाट.

किनाऱ्यावरून नको. क्षितिजाजवळच्या दमट, खारट हवेत अतिनील आधी विखुरतो. सड्यावरून (कातळाच्या उंच पठारावरून), शुक्र उंच असताना, सूर्य मावळल्याबरोबर सुरुवात करा. वरचे ढग चारेक दिवसांत ग्रहाला फेरी घालतात, म्हणून चौथ्या-पाचव्या दिवशी पुन्हा टिपा, तोच भाग समोर येतो. आरसा मात्र रात्री झाकून ठेवा, खाऱ्या दवाने मुलामा जातो.

सड्यावरची: टेबलावर बॅटरीचं आम्ल ठेवलं तर?

खारावारा: अजिबात नको. सीलबंद बाटलीत साधं पाणी, वर चिठ्ठी: 'शुक्राच्या थेंबात यातलं फार तर पाव.'