मदत हवी आहे: एनआयपीटी रिपोर्टमध्ये 'फीटल फ्रॅक्शन कमी', याचा अर्थ काय?

नमस्कार. आम्ही उदगीरजवळ राहतो. माझ्या धाकट्या जावेला बारावा आठवडा चालू आहे. वय ३६, पहिलंच लेकरू. बीपी, शुगर, सोनोग्राफी सगळं नॉर्मल. वयामुळे डॉक्टरांनी दहाव्या आठवड्यात एनआयपीटी (आईच्या रक्तावरून बाळाच्या गुणसूत्रांतले दोष बघायची चाचणी) करायला सांगितली. रक्त इथं घेतलं, कुरिअरने मुंबईला गेलं. रिपोर्टमध्ये आलंय: फीटल फ्रॅक्शन २.८ टक्के, निष्कर्ष देता येत नाही, पुन्हा नमुना पाठवा.

तेव्हापासून घरात झोप नाही. सासूबाई म्हणतात, "लेकराला रक्त पुरंना गेलंय का काय?" आणि तिला सारखं बीट-खजूर खाऊ घालायल्यात. ती गप्प गप्प असते, ते बघवत नाही. तिचं वजन ८८ किलो आहे, त्याचा काही संबंध? भर उन्हात नमुना खराब झाला असेल का? पुन्हा रक्त द्यावं, की सरळ गर्भजल तपासणी करावी? (मुलगा-मुलगी विचारत नाहीये. १९९४ च्या कायद्याने ते सांगता येत नाही, आणि आम्हाला जाणूनही घ्यायचं नाही.)

प्रतिसाद १
ताई, मी अशाच लॅबमध्ये काम करते. आधी सासूबाईंना सांगा, याचा बाळाच्या रक्ताशी संबंध नाही. वारेच्या पेशी सतत मरत असतात आणि त्यांच्या डीएनएचे बारीक तुकडे आईच्या रक्तात उतरतात. प्रत्येक निरोगी गरोदरपणात हे होतं. १९९७ मध्ये डेनिस लो या संशोधकांनी ते दाखवून दिलं. आईच्या स्वतःच्या पेशींचे, मुख्यतः रक्तपेशींचे, तुकडे तर रक्तात असतातच. या सगळ्यात वारेचा वाटा किती, तो हा टक्का. दहाव्या आठवड्यानंतर तो साधारण १० च्या आसपास असतो आणि बऱ्याच लॅब ४ च्या खाली निकाल देत नाहीत.

वजन जास्त असलं की आईचा डीएनए वाढतो आणि वारेचा वाटा कमी दिसतो. उन्हाचंही खरं आहे: नळीतल्या पांढऱ्या पेशी फुटल्या तरी तेच होतं. खजुराने टक्का वाढत नाही, दिवस वर जातील तसा हळूहळू वाढतो. दुसऱ्या नमुन्यात पुष्कळदा निकाल मिळतो.

पण "काही नसेल" म्हणून सोडूनही देऊ नका. ट्रायसोमी १३, १८ (त्या क्रमांकाचं एक गुणसूत्र जास्त असणं) किंवा ट्रिप्लॉइडीत (गुणसूत्रांचा अख्खा एक संच जास्त असणं) वार लहान राहिल्याने टक्का कमी येऊ शकतो. म्हणून एनटी स्कॅन (बाळाच्या मानेमागच्या पाण्याची जाडी बघायची सोनोग्राफी) चौदावा आठवडा लागायच्या आत कराच, दुसऱ्या रिपोर्टची वाट बघू नका. गर्भजल तपासणी पंधराव्या आठवड्यानंतर होते. स्कॅनमध्ये काय दिसतं त्यावर डॉक्टरांशी बोलून ठरवा.

धागाकर्ती
खूप आभार. सासूबाईंना वाचून दाखवलं. एनटी स्कॅनची वेळ उद्याच घेतो. लातूर किंवा नांदेडला जेनेटिक समुपदेशन कुठे मिळतं, कुणाला माहीत आहे का? संभाजीनगरलाही जायची तयारी आहे.