'ब्रेक इन' करायची चप्पल : मराठीत काय म्हणावे?

प्रश्नकर्ती, शाहूपुरी : कोल्हापुरी चपलांच्या खोक्यात ठेवायच्या माहितीपत्रकाचा अनुवाद मी करते आहे. मूळ इंग्रजीत 'ब्रेक देम इन ग्रॅज्युअली' असे वाक्य असून आधीच्या मसुद्यात त्याचे 'हळूहळू तोडा' असे झाले होते. ते खोडून मी 'हळूहळू रुळवा' लिहिले, तेव्हा सासूबाई म्हणाल्या की चप्पल आपण रुळवत नाही, ती आपली आपण रुळते. त्यांचे म्हणणे मला पटले. परंतु पत्रकात ग्राहकाला सूचना द्यायची आहे, मग क्रियापद कोणते वापरावे?

मंगळवार पेठ : सासूबाईंचे बरोबर आहे. आमच्या घरात नवी चप्पल आधी 'चावायची' आणि मग 'पायात बसायची'. वडील नव्या जोडाला रात्री तेलाचा हात फिरवून ठेवत आणि पहिले आठ दिवस तो फक्त संध्याकाळी रंकाळ्यापर्यंत जाऊन येण्यापुरता घालत. बाभळीची साल आणि हिरडा वापरून कमावलेले ते जाड कातडे हळूहळू पायाचा आकार घेते. म्हणून 'सैल करा' असे मात्र कृपया लिहू नका, कारण सैल झालेली चप्पल ही बिघडलेली चप्पल असते.

राजारामपुरी : मी अनेक वर्षे इंग्रजी शिकवले, म्हणून मसुद्यातली चूक कुठे झाली असावी ते सांगतो. अशा जोडक्रियापदात कर्म सर्वनाम असेल तर ते मध्ये शिरते. 'ब्रेक इन देम' असे म्हणता येत नाही. त्यामुळे 'ब्रेक देम' एवढे वाचून अनुवादक थांबला आणि मागे राहिलेल्या 'इन'कडे त्याचे लक्ष गेले नाही. त्या एका शब्दाने अर्थ पालटतो : चोर 'ब्रेक इन' करतो तेव्हा ती घरफोडी असते, घोडा 'ब्रेक इन' करतात तेव्हा त्याला स्वाराची सवय लावतात, आणि चपलेचा अर्थ या घोड्याच्या जवळचा आहे. आपल्याकडे हेच काम दुसरे क्रियापद करते. 'ईट अप' म्हणजे 'खाऊन टाकणे'. तिथे कोणी काही टाकत नाही, आणि 'बोलून बसलो' म्हणणारा उभाही असू शकतो.

कागल : घोड्याचा विषय निघाला म्हणून लिहितो. आमच्याकडे खोंड औताला धरतात, तेव्हा पहिले काही दिवस त्याच्या जोडीला जुना बैल देतात, आणि मग तो 'रुळला' असे म्हणतात. माझ्या मते हा शब्द रेल्वेच्या रुळावरून आला असावा, कारण रुळावर आलेली गाडी सरळ जाते.

मंगळवार पेठ : ही व्युत्पत्ती मान्य करता येणार नाही. आपल्याकडे पहिली प्रवासी रेल्वे १८५३ साली धावली आणि तुकोबांच्या अभंगात विठ्ठलाच्या कंठी वैजयंती माळ त्याच्या दोनशे वर्षे आधीपासून रुळते आहे.

कागल : माळ रुळते म्हणजे ती लोंबते, हलते. खोंडाचे रुळणे निराळे आहे. एकच रूप दोन वाटांनी आलेले असू शकते.

राजारामपुरी : किंवा एकाच वाटेने आलेले असेल. माळ जिथे नित्य घासते तिथे ती गुळगुळीत होते, आणि सरावाचा अर्थही घासण्यातूनच निघतो. हा माझा तर्क आहे, पण मला तो फार दिवसांपासून जवळचा वाटतो.

उत्तरेश्वर पेठ : आपण सारे एका शब्दाभोवती का फिरतो आहोत? सवय 'अंगवळणी' पडते, तर चप्पल 'पायवळणी' का पडू नये? भाषेने स्वतःच्या धातूंतून नवे शब्द घडवले नाहीत, तर उद्या खोक्यावर 'ब्रेक इन करा' असेच छापून येईल.

मंगळवार पेठ : शब्द देखणा आहे, यात शंका नाही. परंतु पत्रक वाचणाऱ्या ग्राहकाला तो अडवेल. ज्यांच्या हातून चप्पल बनते त्यांना विचारावे आणि ते म्हणतील ते लिहावे.

उत्तरेश्वर पेठ : 'अंगवळणी'सुद्धा कोणीतरी प्रथमच उच्चारला असेल आणि ऐकणारा क्षणभर अडला असेल.

प्रश्नकर्ती, शाहूपुरी : मी सध्या 'रोज थोडा वेळ घालून चप्पल पायात रुळू द्या' असे लिहून ठेवले आहे. सासूबाईंना 'रुळू द्या' मान्य आहे, मात्र 'पायात' की 'पायाला' यावर आमचे अजून एकमत झालेले नाही.

कागल : खोंड औताला रुळतो, तर चप्पलही पायालाच रुळली पाहिजे.