मदत हवी आहे: गावातली लाइन, सिमचं नेट आणि येणारे मोठे गेम्स. तयारी कुठून सुरू करू? (ता. दारव्हा, जि. यवतमाळ)

दारव्हा_रेंजर

नमस्कार मंडळी. दारव्हा तालुक्यातलं गाव आहे, फायबर अजून पोचलेलं नाही. डोळे लावून बसलोय ते गेम्स असे: जीटीए ६, द विचर ४, हॅलो गेम्सचा लाइट नो फायर आणि रायट कंपनीचा एमएमओ (हजारो जण एकाच जगात खेळतात तो ऑनलाइन गेम), तो येईल तेव्हा. तोवर एखाद्या ऑनलाइन आरपीजी (आपलं पात्र वाढवत नेण्याचा गेम) जगात कायमचा मुक्काम टाकायचा आहे.

पीसी: रायझन ५ ५६००, बी४५० बोर्ड, १६ जीबी रॅम, जीटीएक्स १६५० ४ जीबी ग्राफिक्स कार्ड, ५१२ जीबी एनव्हीएमई डिस्क, ४५० वॅट एसएमपीएस (पीसीला वीज देणारा डबा), १०८०पी मॉनिटर. घरात ९०० व्हीएचा साइनवेव्ह इन्व्हर्टर आणि १५० एएचची बॅटरी आहे.

लाइन: हरभरा-गव्हाला पाणी सुरू आहे. पंपांची पाळी असली की व्होल्टेज १६० ते १७०, पंप बंद झाले की २४० च्या वर. लाइन गेली की इन्व्हर्टर उचलतो, पण पीसी रिस्टार्ट होतो. कॅबिनेटच्या पत्र्याला हात लावला की मुंग्या येतात.

नेट: ४जी सिमचा राउटर, दिवसाला ३ जीबी. सकाळी १८-२० एमबीपीएस, रात्री ९ वाजता ३-४. पिंग (सर्व्हरपर्यंत जाऊन यायला लागणारे मिलिसेकंद) ४५ वरून एकदम ४०० वर उडतो. टॉवर अंदाजे अडीच किलोमीटरवर.

बजेट ४० हजार. सगळे पैसे नवीन ग्राफिक्स कार्डात घालू का? १०० जीबीचा गेम या नेटवर उतरवायचा कसा? आणि कोणत्या एमएमओत अशा पिंगवर निभाव लागेल? खेळायची वेळ रात्री ९ ते १२.

---

फीडर_अकरा

मुंग्यांचं आधी बघा. एसएमपीएसच्या आत फेज आणि न्यूट्रलपासून अर्थला जोडलेले छोटे कपॅसिटर असतात. अर्थिंग चालू नसेल तर त्यांच्यामुळे पत्र्यावर साधारण ११० व्होल्ट येऊन बसतात. करंट अगदी कमी असतो, म्हणून माणसाला फक्त मुंग्या जाणवतात. पण चालू पीसीला एचडीएमआय किंवा यूएसबी लावताना तेवढ्याने पोर्ट जातो. चाळीस हजारांचं कार्ड अशा बोर्डावर लावूच नका.

मल्टिमीटर एसी व्होल्टवर ठेवून सॉकेटच्या न्यूट्रल आणि अर्थमध्ये मोजा. २-३ व्होल्ट ठीक. ५ च्या वर गेलं तर अर्थिंग किंवा न्यूट्रल कुठेतरी कमजोर आहे. मग फेज आणि अर्थमध्ये मोजा. तिथे जवळपास लाइनएवढंच व्होल्टेज दिसलं पाहिजे. बरंच कमी किंवा तरंगतं दिसलं तर अर्थची तार तुटलेली आहे, किंवा सॉकेटपर्यंत ओढलेलीच नाही. जुन्या घरांत दुसरा प्रकार फार सापडतो. आपल्या काळ्या मातीत आणखी एक अडचण आहे. उन्हाळ्यात जमीन भेगाळते, माती इलेक्ट्रोडपासून सुटते आणि हिवाळ्यात चांगलं असलेलं अर्थिंग मे महिन्यात निकामी होतं. खड्डा कोळसा-मिठाचा असो की केमिकलचा, मार्चपासून त्यात पाणी टाकत राहा.

आता रिस्टार्टचं. इन्व्हर्टरच्या मागे किंवा मेनूत यूपीएस आणि नॉर्मल असे दोन मोड असतात. काही कंपन्या नॉर्मलला इको म्हणतात. नॉर्मलमध्ये तो साधारण १०० ते २९० व्होल्टपर्यंतची लाइन तशीच पुढे सोडतो आणि बॅटरीवर जायला जास्त वेळ घेतो. एसएमपीएस लाइनशिवाय जेमतेम १६-१७ मिलिसेकंद तग धरतो, तेही लाइन गेली तेव्हा व्होल्टेज धड असेल तर. म्हणून यूपीएस मोड लावा.

पण नुसता मोड बदलून थांबलात तर दुसरा त्रास सुरू होईल. यूपीएस मोडमध्ये १८० च्या खाली गेलं की इन्व्हर्टर लाइन आहे असं मानतच नाही. तुमच्याकडे १६०-१७० म्हणजे रात्रभर बॅटरीवर चालणार आणि चार्जही होणार नाही. यावर उपाय म्हणजे इन्व्हर्टरच्या आधी स्टॅबिलायझर. २ केव्हीएचा घ्या, इनपुट रेंज १४० पासून २९० च्या आसपासपर्यंत असलेला. १ केव्हीए अपुरा पडेल, कारण घराचा लोड आणि बॅटरीचं चार्जिंग दोन्ही त्याच्यावरून जाणार.

बॅटरीचा हिशोब: १२ व्होल्ट गुणिले १५० एएच म्हणजे १८०० वॅट-तास. बॅटरी पूर्ण रिकामी करायची नाही, शिवाय इन्व्हर्टरची घट असते, त्यामुळे हाती १००० च्या आसपास. १६५० वाला पीसी, मॉनिटर आणि राउटर मिळून २०० वॅट धरा, पंखे-दिवे १५०. म्हणजे तीन तासांच्या आत-बाहेर. १६० वॅटचं कार्ड आलं की हाच वेळ सव्वादोन तासांवर येतो.

शेवटचं, आणि हे स्वस्त आहे: मेन बोर्डावर ओव्हर-अंडर व्होल्टेज प्रोटेक्टर बसवून घ्या, वरची मर्यादा २७० ला. कमी व्होल्टेजने चांगला एसएमपीएस सहसा मरत नाही, त्यांतले बरेचसे १०० ते २४० व्होल्टवर चालतात. मारतो तो डीपीवरचा सैल न्यूट्रल. तुमचे दिवे अचानक प्रखर आणि दुसऱ्या फेजवरच्या शेजाऱ्यांचे मंद दिसले तर आधी मेन पाडा, मग लाइनमनला फोन करा.

---

पिंगशोधक

कमांड प्रॉम्प्टच्या दोन काळ्या खिडक्या उघडून एकाच वेळी दोन पिंग सुरू करा. एक राउटरला (बहुतेक १९२.१६८.१.१), दुसरा ८.८.८.८ ला (गूगलचा सर्व्हर). रात्री ९ वाजता दहा मिनिटं चालू द्या. राउटरचाच पिंग उड्या मारत असेल तर दोष वायफायचा आहे, लॅन केबल लावा आणि विषय संपला. राउटर १ मिलिसेकंदवर स्थिर आणि दुसरा ४०० वर जात असेल तर दोष टॉवरच्या बाजूचा.

राउटरच्या पानावर आरएसआरपी (सिग्नलची ताकद) आणि एसआयएनआर (गोंगाटाच्या तुलनेत सिग्नल किती स्वच्छ) असे दोन आकडे सापडतील. आरएसआरपी उणे ८०-९० उत्तम, उणे ११० म्हणजे काठावर. पण गेमिंगसाठी मी एसआयएनआर जास्त महत्त्वाचा धरतो. १३ च्या वर हवा. ० च्या जवळ असेल तर मोबाईलवर चार दांड्या दिसूनही पाकिटं (डेटाचे तुकडे) गळत राहतात. राउटर घरातून काढून धाब्यावर पाइपला लावा. बाहेर बसणारा, पीओईवर चालणारा ४जी सीपीई (सिमचा राउटरच) मिळतो, त्यात केबलमधूनच वीज जाते. कॅट ६ केबल १०० मीटरपर्यंत बिनधास्त चालते. टॉवरकडे तोंड करून थोडं थोडं फिरवा आणि प्रत्येक वेळी एसआयएनआर वाचा.

मग बँड, म्हणजे टॉवरची फ्रिक्वेन्सी. बँड ४० ची क्षमता मोठी, पण पल्ला छोटा. बँड ५ लांब पोचतो, म्हणून गावातले सगळे फोन त्यावरच जमतात आणि रात्री तो तुंबतो. राउटरमध्ये बँड लॉकची सोय असेल तर ३, ५ आणि ४० एकेक करून रात्री ९ ला तपासा. सकाळची चाचणी इथे काही कामाची नाही. धाब्यावर सीपीई लावलात तर मान्सूनपूर्व गडगडाट सुरू झाला की केबल पीसीपासून उपसायची. वीज लॅन केबलमधून थेट मदरबोर्डात शिरते.

घरात कुणी व्हिडिओ लावला की पिंग उडतो का, तेही बघा. तसं असेल तर एसक्यूएमची (डेटाची रांग लावून पिंग आवरायची) सोय असलेला राउटर घेऊन वेगमर्यादा रात्रीच्या प्रत्यक्ष वेगाच्या ८५ टक्क्यांवर बांधा. वेग थोडा जाईल, पण पिंग शांत होईल.

१०० जीबी या नेटवर उतरवूच नका. २० एमबीपीएसने सलग अकरा तास लागतात आणि तुमच्या ३ जीबीच्या कोट्यात महिना पुरत नाही. यवतमाळ-नागपूरला फायबर असलेल्या मित्राकडे गेम उतरवा आणि एक्स्टर्नल एसएसडीवर आणा. एसएसडी एक्सफॅट किंवा एनटीएफएसमध्ये फॉरमॅट केलेली हवी. फॅट३२ वर ४ जीबीपेक्षा मोठी फाइल बसत नाही. स्टीमचा गेम असेल तर स्टीमॲप्समधल्या कॉमन फोल्डरमधला गेम आणि त्याची ॲपमॅनिफेस्ट फाइल, दोन्ही आपल्याकडे त्याच जागी ठेवा, स्टीम बंद करून उघडा आणि फाइल्स तपासून घ्या. गेम तुमच्या खात्यावर विकत घेतलेला हवा, फाइल्स कुणाच्याही चालतात. मग फक्त राहिलेला पॅच उतरतो.

प्रीलोडच्या (रिलीजआधीच उतरवलेल्या) फाइल्स कुलूपबंद येतात आणि गेम खुला होताना उलगडतात. तेव्हा गेमच्या आकाराएवढी आणखी जागा लागू शकते. तुमची ५१२ जीबी तिथे अडकेल, १ टीबीची सोय करा.

---

वऱ्हाडी१०८०

भाऊ, कार्ड आत्ताच कायले घेता? जीटीए ६ ची तारीख हाये १९ नोव्हेंबर २०२६, पण थे पीएस ५ अन् एक्सबॉक्स सिरीज एक्स-एसवर. पीसीचं नावही काढलं नाही त्यायनं. जीटीए ५ कन्सोलवर १७ सप्टेंबर २०१३ ले आला, पीसीवर १४ एप्रिल २०१५ ले. रेड डेड २ लेही वर्षाच्या वर लागलं. विचर ४ तं २०२७ च्या आधी नाहीच. लाइट नो फायर डिसेंबर २०२३ मध्ये दाखवला, रायटचा एमएमओ डिसेंबर २०२० पासून नुसता ऐकून रायलो, दोघायच्याही तारखा नाहीत. ज्या गेमले कोनतं कार्ड लागते हेच छापून आलं नाही त्याच्यासाठी आज कार्ड घेणं मले पटत नाही.

घ्याचंच झालं तं १६ जीबीवालं पाहा. तुमच्या बी४५० वर पीसीआयई ३.० भेटते. आरटीएक्स ५०६० आठच लेन (डेटाच्या वाटा) वापरते, अन् थ्याची ८ जीबी मेमरी भरली का बाकीचं सामान त्याच अरुंद वाटेनं रॅममधून आणा लागते, मंग गेम अडखळते. आरएक्स ९०६० एक्सटी १६ जीबीले पूर्ण १६ लेन हायेत अन् १६० वॅटमध्ये भागते.

विंडोज १० वर असान तं ११ वर जा, १० चा सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ले संपला. बायोसमध्ये एफटीपीएम अन् सिक्युअर बूट ह्या सुरक्षेच्या दोन सोयी चालू करा, बॅटलफील्ड ६ ले सिक्युअर बूट लागतेच. डिस्क एमबीआर (जुन्या मांडणीची) असली तं आधी जीपीटी (नव्या मांडणीची) करा, नाहीतं बूटच होनार नाही.

---

रात्रीचा_हीलर

एमएमओ चालवायला वेग फार लागत नाही. तासाला शे-दोनशे एमबीत भागतं. तुमचे ३-४ एमबीपीएस पुरेसे आहेत, पाकिटं गळायला नकोत एवढंच.

ओल्ड स्कूल रूनस्केप तुमच्यासाठी सगळ्यात सुरक्षित. त्याचं सगळं जग ०.६ सेकंदाच्या ठोक्यावर चालतं, त्यामुळे २०० चा पिंग जाणवतही नाही. लाइन गेली तर तेच पात्र मोबाईलवर उघडा.

अल्बियन ऑनलाइनचा आशियातला सर्व्हर सिंगापूरला आहे, त्यामुळे पिंग कमी. पण लाल आणि काळ्या भागात मेलं की अंगावरचं सामान जातं, आणि नेट तुटलं म्हणून समोरचा थांबत नाही. लाइनचा भरवसा बसेपर्यंत निळ्या-पिवळ्या भागातच राहा.

गिल्ड वॉर्स २ चा मूळ गेम फुकट आहे, महिन्याची वर्गणी नाही आणि २०१२ पासून कमाल लेव्हल ८० च आहे. पंधरा दिवस लाइनने छळलं तरी मागे पडत नाही. सर्व्हर अमेरिका-युरोपात, त्यामुळे डॉज थोडा आधी मारायची सवय करावी लागते.

माझा कौल मात्र फायनल फँटसी १४ ला. फुकट ट्रायल लेव्हल ७० पर्यंत, त्यात हेवन्सवर्ड आणि स्टॉर्मब्लड ही एक्स्पान्शन्स (गेमचे वाढीव भाग) धरून, आणि दिवसांची मर्यादा नाही. ट्रायलमध्ये मार्केट बोर्ड (खेळाडूंचा बाजार) वापरता येत नाही आणि ३ लाख गिलच्या (गेममधलं चलन) वर पैसा साठत नाही. एकदा पैसे भरले की त्या खात्यावर ट्रायल परत मिळत नाही, म्हणून ७० पर्यंतचं सगळं जग आधी बघून घ्या. स्टीमवर घेतलात तर पुढची एक्स्पान्शन्सही स्टीमवरच घ्यावी लागतात.

डेटा सेंटर (कुठल्या देशातल्या सर्व्हरवर खेळायचं ते) निवडताना घड्याळ बघा. जपान आपल्यापेक्षा साडेतीन तास पुढे आहे. तुमचे रात्रीचे ९ म्हणजे तिकडचे साडेबारा, माणसं झोपायला निघालेली. युरोपात तेव्हा हिवाळ्यात साडेचार, म्हणजे तुमच्या वेळात गर्दी वाढत जाते. पिंग जपानसारखाच दीडशे-दोनशेच्या घरात राहील. मी युरोप निवडेन. रोजचा रिसेट (रोजची कामं पुन्हा खुली होतात ती वेळ) आपल्याकडे रात्री साडेआठला होतो, तुमच्या वेळेला अगदी सोयीचा.

या पिंगवर खेळायची रीत: जमिनीवरच्या केशरी खुणेतून शत्रूची कास्टबार (हल्ल्याची भरत जाणारी पट्टी) संपण्याच्या अर्धा सेकंद आधी बाहेर पडा, कारण मार बसणार की नाही हे सर्व्हर बार संपतानाच ठरवतो. अडीच सेकंदांच्या ग्लोबल कूलडाऊनमध्ये (दोन मुख्य चालींमधल्या वाटेत) दोन जादा क्षमता कोंबू नका, एकच वापरा. म्हणून मंक-निंजा या घाईच्या पात्रांऐवजी हीलर (साथीदारांना बरं करणारा) किंवा कास्टर (जादू मारणारा) घ्या. कथेतल्या डंजनला ड्युटी सपोर्ट आहे, सोबतीला गेममधलीच पात्रं येतात, त्यामुळे लाइन गेली तर कुणाचा खोळंबा होत नाही.

आणि तारीख नसलेल्या एमएमओचे फाउंडर पॅक (आगाऊ विकले जाणारे संच) घेऊ नका. न्यू वर्ल्ड हा एमएमओ २०२१ मध्ये मोठ्या गर्दीत उघडला, ऑक्टोबर २०२५ मध्ये नवीन भाग येणार नाहीत असं जाहीर झालं. वर्गणीचा गेम घेतलात तर ऑटो-डेबिटऐवजी टाइम कार्ड बरं, परदेशी वर्गणीचं मँडेट (पैसे आपोआप कापायची परवानगी) कार्डावर अडकू शकतं.

---

दारव्हा_रेंजर

अर्थ-न्यूट्रल मोजलं, ३८ व्होल्ट आलं. इलेक्ट्रिशियन उद्या येतोय, प्रोटेक्टर आणि स्टॅबिलायझर त्याच्याकडूनच बसवतो. मग सीपीई आणि १ टीबी. कार्डाचे पैसे बाजूला राहतील. आता एकच विचारतो: मे महिन्यात खोली ४२-४३ वर जाते. कूलर पीसीकडे वळवू का?

---

फीडर_अकरा

३८ म्हणजे अर्थ किंवा न्यूट्रल कुठेतरी तुटलेला आहे. उद्यापर्यंत पीसी बंद ठेवा, प्लगही काढून ठेवा.

कूलर थेट वळवू नका. त्याच्या हवेत बारीक थेंब असतात, बोअरचं पाणी क्षाराचं असेल तर बोर्डावर पांढरा थर धरतो. कूलर खिडकीत, पीसी बाजूच्या भिंतीला आणि समोरचं दार उघडं, म्हणजे हवा खेळती राहील. खोली जितके अंश तापेल, कार्डही जवळपास तितकंच वर जातं. ३० च्या खोलीत ७० असेल तर ४२ च्या खोलीत ८२ धरा. आफ्टरबर्नर या कार्ड आवरायच्या सॉफ्टवेअरमध्ये पॉवर लिमिट ८० टक्के आणि गेममध्ये ६० एफपीएसची (सेकंदाला ६० चित्रं) मर्यादा, एवढ्याने बराच फरक पडतो.

भाव येईपर्यंत कापूस घरात ठेवत असाल तर त्या खोलीत पीसी नकोच. रुईचे तंतू हीटसिंकच्या पात्यांत चटईसारखे बसतात, शिवाय ठिणगीचा धोका आहे. पुढच्या पंख्यावर नायलॉनची बारीक जाळी लावा आणि कापसाच्या दिवसांत दर पंधरा दिवसांनी ती धुवा. पंखा हाताने धरून ब्लोअर मारा, मोकळा फिरवू नका.